गुलबिया नावाचा हिरा

रत्नपरीक्षक आहे असं कुठे कळलं, की लोक आधी बोटातली अंगठी काढतात. लग्नात, बारशाला, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत. "ताई, जरा बघा ना, खरा आहे ना?" नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही म्हटलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटतंच, हिला काही येत नाही. तेवढ्यात पलीकडून कोणी ज्योतिषीबुवा हात पुढे करतात, दगड उजेडात धरतात आणि "अस्सल!" म्हणून मोकळे होतात. लोकांना तेच हवं असतं.

यंदा आपल्या भोपाळच्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाईंनी लेख मागितला. "हिऱ्यांबद्दल काहीतरी छान, चमकदार लिहा," म्हणाल्या. मी हो म्हटलं खरं, पण हिऱ्यांबद्दल चमकदार असं मला फारसं माहीत नाही. जे माहीत आहे ते लिहिते.

नागपूरला भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्न होऊन भोपाळला आले. आमचे हे कारखान्यात इंजिनिअर. मला घरात बसवेना. जुन्या शहरात चौकातल्या दागिन्यांच्या बाजारात, एका गल्लीत वरच्या मजल्यावर रत्नं तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. जिना इतका उभा, की दोरीला धरून चढावं लागायचं. तिथे मी लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

आमचं काम सोप्या शब्दांत सांगायचं तर असं: दगड येतो, तो ज्या नावाने आला आहे, खरंच तोच आहे का, एवढंच पाहायचं. तो सुंदर आहे का, लाभेल का, कुणाकडून आला, हे आम्ही विचारत नाही. मायक्रोस्कोपखाली धरायचा, वेगवेगळ्या उजेडात बघायचा, वजन करायचं, आणि लिहून द्यायचं. बस. लोकांना मात्र आमच्याकडून दुसरंच काही हवं असायचं.

एकदा नेहरू नगरहून एक गृहस्थ आले. सासूबाईंनी बायकोला दिलेली कुडी होती, गुलाबी हिऱ्याची. विमा उतरवायचा होता. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून दगड पुसला, तर कापूस गुलाबी झाला आणि हिरा पांढरा. फिक्या हिऱ्याच्या पाठीला नेलपॉलिशचा पातळ हात द्यायचा, ही बाजारातली जुनी हातचलाखी. मी दाखवलं. गृहस्थ कापसाकडे बघत हळूच म्हणाले, "मॅडम, तो रंग परत लावून मिळेल का? हिला सांगण्यापेक्षा ते सोपं पडेल." मी नाही म्हटलं. जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ते नेलपॉलिशची बाटली घेताना आमच्या शिपायाला दिसले.

हसू येतं ना? मलाही यायचं. रंगीत हिऱ्यांच्या बाबतीत माणसं अशीच वागतात. पांढरा हिरा भाव विचारून घेतात, रंगीत हिऱ्याची गोष्ट विचारून घेतात. म्हणून तर जगातल्या मोठ्या रंगीत हिऱ्यांना नावं असतात. कुणाला राजाचं, कुणाला व्यापाऱ्याचं, कुणाला एखाद्या धनिकाच्या पत्नीचं. नाव ठेवतो तो विकत घेणारा. खोदून काढणाऱ्याचं नाव मिळालेला हिरा माझ्या पाहण्यात एकच आला, आणि त्याचीच ही हकीकत आहे. त्यातली माणसं हिंदीत बोलत होती, गुलबिया तर ठेठ बुंदेलीत. मी ते जमेल तसं मराठीत उतरवते आहे, आणि हिऱ्यासकट सगळ्यांची नावं बदलली आहेत.

बऱ्याच वर्षांपूर्वी, एका सकाळी, आमच्या बाजारातले एक मोठे व्यापारी स्वतः जिना चढून वर आले. सगळे त्यांना शेठजी म्हणत, मीही तेच म्हणते. एरवी ते माणूस पाठवायचे. त्यांच्यामागे एक फोटोग्राफर होता, आणि त्याच्यामागे दाराबाहेरच उभं राहिलेलं एक मजूर जोडपं. बाईच्या अंगावर नवीकोरी साडी होती, घड्या न मोडलेली. पाय मात्र अनवाणी. चपला तिने खाली जिन्यापाशीच काढल्या होत्या.

शेठजींनी कागदाची पुडी उघडली आणि मी खुर्चीतून उठलेच. आपल्या पन्नाकडच्या खाणीतून हिरे निघतात हे सगळ्यांना माहीत आहे. पांढरे निघतात, मळकट तपकिरी निघतात. हा गुलाबी होता. न पैलू पाडलेला, वाटाण्याहून थोडा मोठा, अंगावर बारीक खळगे, पण रंग असा, की आत कुणीतरी दिवा लावून ठेवला आहे.

"सरकारी लिलावात घेतला," शेठजी म्हणाले. "रंग खरा आहे की कुणी करामत केली आहे, तेवढं सांगा. आणि हिला विचारा. हिलाच सापडला."

ती गुलबिया. तिचा नवरा हरप्रसाद. दोघं एका पट्टेदाराच्या उथळ खाणीत रोजंदारीवर होती. पट्टेदार म्हणजे ज्याच्या नावावर सरकारने जमिनीचा तो तुकडा खोदायला दिलेला असतो. जे काही सापडेल त्याचा सरकार लिलाव करतं आणि पैसे त्याला देतं. माती खोदायची, पाण्यात धुवायची, उरलेली खडी सारवलेल्या जमिनीवर पसरून वाळवायची आणि मग उन्हात उकिडवं बसून हाताने निवडायची. तांदूळ निवडावेत तशी.

"कसा ओळखलास?" मी विचारलं.

"ओळखला नाही, दीदी. मला वाटलं, कुणाची बांगडी फुटली. बोटाला लागेल म्हणून बाजूला काढायला गेले." ती हसली. "मग उन्हात धरला, तर बांगडीसारखा नव्हता."

मी तपासत असताना ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. शेठजींनी डोळे वटारले, पण मी तिला मायक्रोस्कोपवर वाकायला लावलं. एक डोळा मिटून कसं बघायचं ते तिला जमेना, तिने पदराने एक डोळा झाकला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आत रेघा आहेत. नांगरल्यासारख्या."

बरोबर होतं. पिवळा हिरा पिवळा असतो तो त्यात नायट्रोजन मिसळल्यामुळे, निळ्यात बोरॉन असतं. गुलाबीत असं काहीच मिसळलेलं नसतं. जमिनीच्या खोल पोटात त्याच्यावर एवढा दाब येतो, की स्फटिकाचे थर जागचे सरकतात. ते सरकलेले थर रेघांसारखे दिसतात आणि रंग त्या रेघांतच असतो. रेघा पाहिल्या तेव्हाच माझी अर्धी खात्री झाली होती. उरलेल्या चाचण्यांनी ती पुरी केली.

"खरा आहे," मी शेठजींना सांगितलं. "नैसर्गिक गुलाबी."

शेठजींनी डोळे मिटून हात जोडले. मग एकदम खुशीत येऊन तिच्याकडे वळले. "नाव काय म्हणालीस तुझं?"

"गुलबिया."

"वाह! हिरा गुलाबी आणि शोधणारी गुलबिया. आता वेगळं नाव कशाला शोधायचं? या हिऱ्याचं नाव गुलबिया." आणि फोटोग्राफरला म्हणाले, "हिच्या तळहातावर हिरा ठेवून काढ."

तिने हात साडीला पुसून पुढे केला. तळव्याला भेगा होत्या, नखांत लाल माती होती. त्या तळहातावर तो खडा फार देखणा दिसत होता. "माझं नाव त्याला?" ती हरप्रसादला दोनदा म्हणाली. तो भिंतीला टेकून उभा होता आणि मधूनमधून तोंडावर गमछा धरून खोकत होता. खाणीत काम नसेल तेव्हा तो दगड फोडायला जायचा. त्या खोकल्याकडे त्या दिवशी आमच्यातल्या कुणाचं लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत हिरा पहिल्या पानावर होता. फोटोत तळहात होता, बाई नव्हती. चेहरा कापला होता. पण मजकुरात तिचं नाव होतं, गावही होतं. मी तो अंक यांना दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला. आमच्या त्या अंधाऱ्या जिन्याच्या प्रयोगशाळेत एका नामांकित हिऱ्याची पहिली तपासणी झाली होती आणि ती मी केली होती. एका मजूर बाईचं नाव हिऱ्याला मिळालं, हेही मला मोठंच वाटलं. आता वाटतं, नाव देण्यासारखं फुकट दुसरं काही नसतं, म्हणून ते दिलं.

हिरा सुरतेला गेला, पैलू पडले, निम्म्याहून लहान झाला आणि आणखी गुलाबी झाला. मग परदेशात विकला गेला. प्रदर्शनांत मांडला गेला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर आला. शेठजी वारले. धंदा त्यांचा मुलगा केतन बघू लागला. हिरा आता त्यांचा नव्हता, पण 'हिरा पहिल्यांदा आमच्या हातात आला' या एका गोष्टीवर केतनचा अर्धा धंदा चालायचा. त्याने वेबसाइट काढली. तिच्यावर पहिल्याच पानावर हिरा, खाली इंग्रजीत आणि हिंदीत त्याचा इतिहास. मी कौतुकाने वाचायला घेतला. लिहिलं होतं, की उमलत्या गुलाबाच्या पाकळीसारख्या रंगावरून या हिऱ्याला स्थानिक बोलीत 'गुलबिया' म्हणतात.

तळहातही बदलला होता. आता तो गोरा, गुळगुळीत होता.

मी केतनला फोन केला. तो मला आंटी म्हणतो. शाळेत असताना वडिलांबरोबर यायचा आणि माझ्या चुंबकाशी खेळत बसायचा.

"अरे केतन, गुलबिया त्या बाईचं नाव आहे. तुझ्या पपांनी माझ्यासमोर ठेवलं."

"मला माहीत आहे ना, आंटी."

"मग हे फुलाचं काय?"

तो जराही ओशाळला नाही. समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, "आंटी, नावामागे बाई असली, की लोक बाईबद्दल विचारतात. ती आता कुठे आहे, तिला काय मिळालं, घर कसं आहे. बाहेरची गिऱ्हाइकं तर फारच विचारतात. फुलाला कुणी काही विचारत नाही."

मी फोन ठेवला. नंतर उत्तरं सुचली, पुष्कळ सुचली. भेटेल तिथे मी ती त्याला ऐकवली. त्याच्या लग्नात ऐकवली, दुकानाच्या पूजेला ऐकवली. तो हसून पाया पडायचा. आमचे हे म्हणायचे, "तुझं काम दगडाचं. दगड खरा होता, तू खरा म्हणालीस. संपलं." संपलं नव्हतं. खोट्या नावाने आलेला दगड मी आयुष्यभर परत पाठवला, आणि इथे दगड खरा होता आणि नाव खोटं करून टाकलं होतं. ते तपासायची सोय कुठल्याच प्रयोगशाळेत नाही.

मी निवृत्त झाले. आम्ही बाग सेवनियात राहायला आलो. मागच्या वर्षी एका दुपारी प्रयोगशाळेतल्या शिपायाचा फोन आला. "मॅडम, एक बाई आली आहे. तुमचं नाव माहीत नाही तिला, पण म्हणते, हिरा बघू देणाऱ्या दीदी हव्यात."

मी रिक्षा करून गेले. ती जिन्याच्या तळाशी बसली होती, शेजारी एक तरुण मुलगी. मी ओळखलं ते मुलीला. तिचा चेहरा हुबेहूब तेव्हाच्या गुलबियाचा होता. खुद्द गुलबिया म्हातारी झाली होती.

हरप्रसादला इथल्या मोठ्या दवाखान्यात आणलं होतं. दगडाची धूळ फुफ्फुसांत बसली होती. अशोका गार्डन वस्तीत रेल्वे लाइनजवळ त्यांच्या गावाकडच्या कुणाच्या खोलीत तिघं राहत होती. मी दोघींना घरी आणलं, जेवायला वाढलं. गुलबिया जेवता जेवता सांगत गेली. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस किती पडला ते सांगावं, तसं.

हिऱ्याची बातमी आली तेव्हापासून गावात तिला 'हीरेवाली' म्हणू लागले. आधी कौतुकाने. मग दीर म्हणाले, शेठने काहीतरी दिलंच असणार, वाटणी कर. तिने शेठजींनी फोटोसाठी दिलेली ती साडी दाखवली. कुणाला पटेना. जिच्या नावाचा हिरा देशोदेशी फिरतो, तिला नुसती साडी? दीरांनी बोलणं टाकलं. विहिरीवर बायका गप्प व्हायच्या. सुमन, म्हणजे ही मुलगी, हिचं लग्न चटकन जमलं तेव्हा गुलबियाला बरं वाटलं होतं. नंतर कळलं, का जमलं ते. सासरच्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि हीरेवालीची पोर रिकाम्या हाताने आली म्हणून माहेरी आणून सोडलं.

"आणि आता पर्ची पण गेली," सुमन म्हणाली.

आमच्याकडे रेशनसाठी पात्रता पर्ची लागते. गावातल्या कुणीतरी तक्रार केली, की ही बाई गरीब नाही, हिच्या नावाने हिरा आहे. पर्ची बंद झाली. धान्य गेलं आणि त्या पर्चीवर मिळणारी औषधोपचाराची सवलतही अडकली. गुलबिया जाईल तिथे सांगत होती, की हिरा माझा नाही. समोरचा विचारायचा, "मग नाव कसं तुझं?"

तिने हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसली. "दीदी, तुम्ही लिहून देता ना, कोणता दगड खरा, कोणता खोटा? मला एवढं लिहून द्या, की मी ती गुलबिया नाही."

मी आयुष्यात नाना मागण्या ऐकल्या होत्या. ही ऐकून मला तोंड लपवावंसं वाटलं. तसं लिहून देणं माझ्या हातात नव्हतं. पण दुसरं काहीतरी आहे, असं मला तेव्हा वाटलं.

झालं होतं असं, की केतनचं माझ्याकडे काम अडलं होतं. तो नवं मोठं दालन उघडणार होता आणि 'गुलबिया' नावानेच गुलाबी खड्यांचे दागिने काढणार होता. न पैलू पाडलेला तो हिरा हातात घेतलेलं, तपासलेलं माणूस म्हणून समारंभात मी दोन शब्द बोलावेत, अशी त्याची फार इच्छा होती. शेठजी गेल्यावर तसं माणूस मीच उरले होते. मी त्याला टोलवत होते. आता मीच फोन केला.

"येते. पण एक अट. नाव त्या बाईवरून पडलं, हे मी स्टेजवर सांगणार, आणि तुझ्या वेबसाइटवर तसं आलं पाहिजे. तिला बोलावून समोर बसवायचं."

"ती जिवंत आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या घरी जेवली काल."

दोन दिवसांनी त्याचा होकार आला. त्याच्या बायकोने म्हणे त्याला पटवलं, की आजकाल अशा गोष्टी लोकांना भावतात. कारण कुठलंही असो. एवढ्या वर्षांचं माझं भांडण मी जिंकले होते. मी पेढे घेऊनच अशोका गार्डनला गेले. खोलीत हरप्रसाद भिंतीला उशी लावून बसला होता. त्याला आडवं पडलं की श्वास लागायचा. मी सगळं सांगितलं. आता सगळ्या जगाला कळेल, हिरा तिला सापडला, नाव तिचं आहे, आणि मिळालं काहीच नाही. पेपरात येईल, टीव्हीवर येईल.

गुलबियाने पेढा हातातच धरून ठेवला. "नको, दीदी."

"अगं, का? हा तुझा मान आहे."

"आता निदान थोड्या लोकांना वाटतं, की मी खोटं बोलत नसेन. शेठच्या पोरानेच सांगितलं, हीच ती, की गाव म्हणेल, बघा, कबूल झालं. सुमनचे सासरे दुसऱ्या दिवशी दारात येतील."

"पण तुला काही मिळालं नाही, हेही मी सांगेन ना."

"ते कोण ऐकेल?" ती म्हणाली. "हिरा सगळे बघतील."

मला तिचा राग आला. हो, तिचाच. इतकी वर्षं मी जिच्यासाठी वाद घालत होते, तिलाच तो नको होता. मी हरप्रसादकडे बघितलं, की हा तरी समजावेल. तो श्वास गोळा करत म्हणाला, "मॅडमजी, जमलं तर पर्चीचं बघा." मी उठले आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. पलीकडून मालगाडी जात होती, ती संपेपर्यंत उभी राहिले. मग परत आत गेले आणि उद्या तयार राहा म्हणाले.

राज्यभरातली माणसं गाऱ्हाणी घेऊन भोपाळला येतात. ती ऐकून घेणाऱ्या एका सरकारी कार्यालयात आम्ही तिघी गेलो. सकाळभर बाकावर बसलो. अधिकारी तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी गुलबियाचं सगळं ऐकून घेतलं आणि थोडे हसले. "हिऱ्याचं नाव आणि तुमचं नाव एकच कसं?"

"काय माहीत, साहेब."

त्यांनी मोबाइल उचलला. शोधलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा सैल झाला. "अहो, हे तर रंगावरून आहे! उमलत्या गुलाबाच्या पाकळीवरून." त्यांनी मोबाइल फिरवून आम्हाला दाखवला. केतनचीच वेबसाइट होती. "यात कुठल्याही बाईचा उल्लेखच नाही. मग तुमचा काय संबंध?"

"तेच तर सांगते आहे, साहेब," गुलबिया म्हणाली. "माझा काही संबंध नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कोण, हे आत येतानाच सांगितलं होतं. "मॅडम, तुम्ही तर हिऱ्यातल्या जाणकार. हे बरोबर आहे ना?"

पंख्याखाली सुमन दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसली होती. गुलबिया माझ्याकडे बघत नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "नाव फुलावरूनच आहे."

त्यांनी आमच्यासमोरच जिल्ह्याला फोन लावला. नावातल्या साधर्म्यामुळे गैरसमज झाला आहे, पर्ची चालू करा, असं सांगितलं. बाहेर आल्यावर गुलबियाने माझे पाय धरले. मी तिला उठवलं. तिला वाटलं, मी मोठेपणामुळे संकोचते आहे.

संध्याकाळी केतनला फोन करून सांगितलं, वेबसाइटवर काही बदलू नकोस, आहे तसंच राहू दे. त्याने कारण विचारलं नाही. "मी तर आधीपासून हेच म्हणत होतो, आंटी," एवढंच म्हणाला, आणि आवाजात सुटका होती. समारंभाला मात्र मला जावं लागलं. आता नाही म्हटलं असतं, तर त्याने खोदून विचारलं असतं, आणि ती बाई भोपाळात आहे हे त्याला ठाऊक होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने छान हिंदीत विचारलं, "मॅडम, या सुंदर नावामागची कहाणी सांगा ना." मी माइक घेतला आणि गुलाबाच्या पाकळीची कहाणी सांगितली. टाळ्या पडल्या. शेवटी एक मुलगी गुलाबाचं फूल घेऊन आली, ते मी घेतलं. परतताना घराजवळ आल्यावर हे म्हणाले, "जेवशील ना थोडं?"

माझ्या नोकरीत मी खोटं प्रमाणपत्र एकदाही दिलं नाही. दबाव आले, आमिषं आली, एकदा धमकीही आली. ते मी अभिमानाने सांगत असते. निवृत्तीनंतर, कुणी दबाव न आणता, एकाच आठवड्यात दोनदा खोटी साक्ष दिली, आणि त्या बाईच्या घरात धान्य आलं ते त्या साक्षीने. सत्य सांगितलं असतं, तर आलं नसतं. हे कुठल्या हिशोबात बसवायचं, मला अजून कळलेलं नाही. हरप्रसादला त्या पर्चीचा फार उपयोग झाला नाही. उशीर झाला होता. गावी परतल्यावर तो वारला. सुमनला सासरच्यांनी नेलं नाही. हीरेवालीची नाही म्हटल्यावर तर मुळीच नाही.

दसऱ्याच्या सुमारास मी त्यांना फोन केला. सुमनने मोबाइल घेतला होता, तो नंबर माझ्याकडे होता.

"हॅलो, गुलबिया आहे का?" मी विचारलं.

"इथे त्या नावाचं कुणी राहत नाही," पलीकडून उत्तर आलं. आवाज सुमनचाच होता. पाठ केल्यासारखं, सरळ.

"सुमन, मी बोलतेय. भोपाळहून. दीदी."

"हां, दीदी. माफ करा. आवाज ओळखला नाही. आम्ही आता ते नाव घेत नाही. आईनेच सांगितलं आहे, कुणीही विचारलं तरी असंच सांगायचं."

"मग कुणाला बोलवायचं मी?"

"सुमनची आई म्हणा," ती म्हणाली. मग तिने फोन बाजूला धरून हाक मारली. आई आली. आम्ही बोललो. धान्य वेळेवर मिळतं, यंदा गहू बरा आहे, म्हणाली. फोन ठेवेपर्यंत मीही तिला नावाने हाक मारली नाही.